आजोळकडून येणारा बहिरेपणा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या चाळीत एका घराबद्दल बायका हळू आवाजात म्हणायच्या, ‘त्यांच्यात इंजेक्शन बाधतं.’ मैत्रिणीच्या आजीचं, मामाचं आणि मावसभावाचं ऐकणं औषधोपचारानंतर गेलं होतं. मामेभावंडं मात्र ठणठणीत.

अशी नात्यांची ओळ दिसली की आता डॉक्टर मायटोकाँड्रियाचा विचार करतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांमध्ये स्वतःचा डीएनए असतो, हे 1963 मध्ये कळलं. तो आईकडूनच येतो. म्हणून दोष आजीकडून मामाला आणि मावशीला मिळतो. मावशी तो मुलांना देते, मामा देत नाही. 1981 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हा डीएनए पूर्ण वाचला: 16,569 अक्षरं (ए, जी, सी, टी ही डीएनएची रासायनिक अक्षरं), 37 जनुकं. 1988 मध्ये त्यातल्या एका अक्षरातल्या बदलाचा संबंध तरुणपणी दृष्टी घालवणाऱ्या लेबरच्या आजाराशी जुळला. जर्मन नेत्रतज्ज्ञ लेबरने तो 1871 मध्येच नोंदवला होता. कारण सापडायला 117 वर्षं लागली.

कानाची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि क्षयाच्या रुग्णांना जीवदान मिळालं, पण काहींचे कान गेले. जास्त मात्रेने हे कुणाचंही होऊ शकतं. काही घरांत मात्र साध्या मात्रेनेच होई. 1993 मध्ये त्याचा उलगडा झाला: मायटोकाँड्रियाच्या याच डीएनएत 1555 व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’.

मायटोकाँड्रिया मूळचे जिवाणूच, कोट्यवधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत राहायला आलेले. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये हा विचार नेटाने मांडला. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन ही औषधं जिवाणूंची प्रथिनं बनवणारी यंत्रणा बिघडवतात. आपल्या मायटोकाँड्रियातली तशीच यंत्रणा एरवी बरीचशी बचावते. ते एक अक्षर बदललं की ती जिवाणूंच्या यंत्रणेसारखी दिसू लागते आणि औषध तिलाही धरतं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, केसपेपरवर आईवडिलांचा मधुमेह आणि बीपी विचारतात. आजी, मामा, मावशी यांचं ऐकणं कधी आणि कशानंतर गेलं, हे आपणच सांगायला हवं, विशेषतः तान्ह्या बाळाला जेंटामायसिन द्यायची वेळ आली तर. मँचेस्टरमध्ये बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून हे अक्षर अर्ध्या तासाच्या आत तपासून झालं आहे, म्हणजे औषधाला उशीर न करता.