डॉक्टरांना शिकवणाऱ्या आया

रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून वैद्यक शिकायचं, ही पद्धत अमेरिकेत विल्यम ऑस्लर यांनी १८९० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये रुजवली. मूल आजारी असेल तर आईचं काम एवढंच, विचारलं तेवढं सांगायचं. पुढे १९७० च्या दशकात ॲरिझोना विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ पॉला स्टिलमन यांनी काही आयांनाच प्रशिक्षण दिलं. विद्यार्थ्याने मुलाची माहिती नीट विचारली की नाही, हे त्या तपासू लागल्या. तरी शिकवायचा विषय डॉक्टरांचाच होता.

खरा बदल झाला तो डॉक्टरांच्या उदारपणामुळे नव्हे, तर शुश्रूषेचं काम घरी गेलं म्हणून. नवजात अतिदक्षता सुधारली, व्हेंटिलेटर लहान झाले, पूर्वी दगावणारी मुलं वाचू लागली. पण रुग्णालयातून सुटेनात. आयोवातली केटी बेकेट हे ठळक उदाहरण. तान्हेपणी मेंदूला सूज आली आणि तिला व्हेंटिलेटर लागला. ती रुग्णालयात असेपर्यंत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना, खर्च देणार, घरी नेली की आईवडिलांचं उत्पन्न आड येणार, असा उफराटा नियम! नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीच पत्रकार परिषदेत तिचा दाखला दिला. १९८२ च्या कायद्याने अशा मुलांना घरी ठेवण्याची वाट राज्यांना मोकळी झाली.

मग मध्यरात्री श्वासनळीतला कफ ओढायचा, पोटातल्या नळीतून अन्न द्यायचं, वीज गेली तर काय याची तजवीज करायची, विमा कंपनीशी भांडायचं, ही सगळी विद्या घराघरांत साठत गेली. पाठ्यपुस्तकात ती नव्हती. अमेरिकी सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, म्हणजे सर्जन जनरल, एव्हरेट कूप हे स्वतः बालशल्यचिकित्सक. त्यांनी १९८७ च्या अहवालात कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवणारी सेवा मागितली, तेव्हा या विद्येला सरकारी मान्यता मिळाली.

१९९४ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या काही आयांनी ‘प्रोजेक्ट डॉक’ सुरू केला. शिकाऊ डॉक्टरांपुढे पालकांचं व्याख्यान, सविस्तर मुलाखत आणि घरभेट असे त्याचे तीन भाग. मला घरभेट सर्वांत मोलाची वाटते. औषधांचं वेळापत्रक लिहून देणं सोपं. ते पाळताना घरातल्यांची झोप कशी मोडते, हे तिथेच कळतं. अर्थात दार उघडायला थोडी उसंत असलेलं घरच विद्यार्थ्यांना भेटतं. एकटीने सगळं ओढणारी, रात्रपाळी करणारी आई या वर्गात क्वचितच शिकवायला येऊ शकते.