फिर्गज आणि गावकारी: दिवाडी बेटावरच्या दोन वह्या

गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर दोन ग्रामपंचायती आहेत. एकीचं नाव गोलती-नावेली, दुसरीचं सांव मातियश. दोन्हींचं काम तेच: घरपट्टी, रस्ते, दाखले. पण पहिलीनं नाव घेतलं बेटावरच्या दोन जुन्या गावांचं आणि दुसरीनं बेटावरच्याच मळार गावच्या चर्चमधल्या संताचं. म्हणजे एकीच्या पाटीवर गावकारी उभी आहे, दुसरीच्या पाटीवर फिर्गज. गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला हे दोन शब्द सारखेच परके वाटतात आणि गोव्यातसुद्धा अनेकजण एकाच्या जागी दुसरा वापरतात. "ही जमीन चर्चची" असं बेटावर येणारा पाहुणा सर्रास म्हणतो आणि बहुतेक वेळा तो चुकतो.

आधी अर्थ. फिर्गज हे पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'चं कोंकणी रूप. एका चर्चच्या, एका विगाराच्या म्हणजे मुख्य पाद्रीच्या देखरेखीखालचा मुलूख आणि त्यात राहणारी ख्रिस्ती माणसं, दोन्ही मिळून फिर्गज होते. मराठी वर्तमानपत्रं पॅरिश लिहितात. गावकारी म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची संस्था. जमीन सामाईक, कारभार सामाईक, उत्पन्नाची वाटणी ठरलेली. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं आणि सरकारी कागदावर तेच नाव राहिलं.

गोंधळ उगाच होत नाही. तिसवाडीत, म्हणजे मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांनी वेढलेल्या त्या तीस गावांच्या तालुक्यात, सोळाव्या शतकात बहुसंख्य गावकार ख्रिस्ती झाले. त्यामुळे रविवारी जी माणसं चर्चच्या बाकावर दिसत, तीच गावकारीच्या बैठकीतही असत. अनेक गावांत चर्च बांधायला पैसा गावकारीनंच दिला. फेस्ताचे म्हणजे चर्चच्या सणाचे मान, मिरवणुकीतल्या जागा, कॉन्फ्रारियाचं म्हणजे चर्चशी जोडलेल्या बंधुमंडळाचं सभासदत्व, यांवर कितीतरी ठिकाणी गावकार घराण्यांचा हक्क होता आणि त्यावरून भांडणंही झाली. भरीस भर, पोर्तुगीज प्रशासनानं फ्रेगेझिया हा मुलकी घटकही मानला. गावातला रेजिदोर नावाचा सरकारी माणूस फ्रेगेझियाचा असे आणि मालमत्तेच्या जुन्या नोंदीत घर कुठल्या फ्रेगेझियात आहे ते लिहिलेलं असतं. जुना दस्त हातात आला की त्यातली फ्रेगेझिया म्हणजे चर्चची मालकी असं वाटतं. तो फक्त पत्ता असतो.

मला विचाराल तर या दोघांतला खरा फरक एका प्रश्नात सापडतो: माणूस आत येतो कसा?

फिर्गजेत माणूस राहण्यानं येतो. बाप्तिस्मा झालेला कुणीही बाहेरून येऊन बेटावरच्या पियेदाद चर्चच्या हद्दीत घर करून राहिला, की तो त्या फिर्गजेचा. लग्न, मुलांचा बाप्तिस्मा, मर्ण सगळं तिथल्या विगाराकडे. उद्या तो पणजीला राहायला गेला, तर त्याची फिर्गज बदलली.

गावकारीत माणूस जन्मानं येतो, तोही बापाच्या बाजूनं. गावकारांची घराणी वांगडांत वाटलेली असतात. वांगड म्हणजे एका मूळ पुरुषापासून आलेला कुळगट. त्या वांगडात जन्मलेला मुलगा ठरलेल्या वयाचा झाला की त्याचं नाव वहीत चढतं आणि त्याला झोण, म्हणजे वार्षिक हिस्सा, मिळू लागतो. मग तो मुंबईत राहो, नैरोबीत की लिस्बनमध्ये. उलट तीन पिढ्या बेटावर राबलेलं, तिथेच पुरलेलं कुळ गावकार होत नाही. मुली तर बहुतेक गावकाऱ्यांत बाहेरच राहिल्या. शतकानुशतकं बांधावर चिखल वाहणाऱ्या बायकांची नावं ज्या वहीत नाहीत, त्या वहीला मी नुसती अभिमानाची गोष्ट म्हणू शकत नाही.

आणि धर्म? फिर्गज धर्मावरच उभी आहे. गावकारी मुळात धर्माची संस्था नाही. हिंदू गावकार असलेल्या कोमुनिदादी गोव्यात भरपूर आहेत.

मुंबईतल्या वाचकांना याचा एक जवळचा नमुना पाहता येईल. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गोंयकारांचे कूड आहेत, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, कामासाठी आलेल्या माणसांच्या स्वस्त राहण्याच्या खोल्या. कूड गावाच्या नावानं चालतो आणि आत वेदीवर त्या गावच्या चर्चचा संत असतो. विगार नाही, शेत नाही, नदी नाही. तरी फिर्गज आणि गाव दोन्हींची आठवण एकाच खोलीत ठेवलेली. परगावी गेल्यावर फरक पुसला जातो, तो असा.

वयाचा हिशेब मात्र कुणी पुसू नये. गावकारी पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची. 1526 साली अफोंसो मेशिया या अधिकाऱ्यानं गावकारांचे रीतिरिवाज लिहून काढले. त्या दस्ताला फोराल म्हणतात. पोर्तुगीजांनी ती व्यवस्था निर्माण केली नाही. महसूल वेळेवर हवा होता म्हणून असलेली व्यवस्था कागदावर उतरवली आणि मान्य केली. फोरालच्या सुरुवातीला गावांच्या जन्माची कथा आहे: फार पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर आली आणि त्यांनी ती जमीन कसून लागवडीला आणली. दिवाडीच्या बांधावर उभं राहून हे वाचलं की कथा कथा वाटत नाही. समोर भरतीचं पाणी, मागे भात, मध्ये माणसानं रचलेली मातीची भिंत.

फिर्गज त्यानंतरची. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि 1541 मध्ये देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आलं. चर्चकडे जी काही जुनी जमीन आहे, तिच्यातला एक भाग इथून आला. पण ती देवळांची जमीन होती, गावकारीची सगळी जमीन नव्हे. गावकारी तशीच राहिली. देव गेला, विगार आला, शेतं आणि बांध त्याच घराण्यांच्या हाती.

देव कुठे गेला हे दिवाडीत बोटानं दाखवता येतं. बेटाच्या एका टोकाला नार्वे आहे. कदंब राजांचं आराध्य सप्तकोटेश्वर तिथलं. देऊळ मोडल्यावर लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं आणि तिथल्या गावाचं नावही नार्वेच. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला तो या पलीकडच्या देवळाचा. फेरीबोट एका नार्वेहून दुसऱ्या नार्वेला जाते. महाराष्ट्रातून येणारे अनेकजण मूळ जागा आणि आजची जागा यांत गल्लत करतात, म्हणून हे सांगून ठेवतो.

या स्थलांतरातून एक तिसरी संस्था दिसते: देवस्थानाचे महाजन, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारी घराणी. 1886 मध्ये पोर्तुगीज सरकारनं महाजनांसाठी नियमावली केली. हिंदू गोंयकाराला फिर्गजेची तुलना करायची तर ती गावकारीशी करू नये, देवस्थानाशी करावी. तीही पूर्ण जुळत नाही, कारण महाजनकी रक्तानं येते आणि फिर्गज राहण्यानं. तरी भक्तीचा कारभार एकीकडे आणि जमिनीचा दुसरीकडे, ही मांडणी दोन्ही धर्मांत सारखी आहे.

हद्दीसुद्धा जुळत नाहीत. टेकडीवरचं पियेदादचं चर्च, ज्याची आजची इमारत सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी उभी राहिली, ते गोलती आणि नावेली या दोन गावांचं. फिर्गज एक, गावकाऱ्या दोन. चर्चजवळच्या दफनभूमीत एक छोटं चॅपल आहे आणि त्यात जुन्या देवळाचे कोरीव दगड अजून दिसतात. टेकडीवर गेलात तर नुसता नदीचा देखावा पाहून परतू नका.

आता खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, कारण माझ्या मते दिवाडीचा सगळ्यात मोठा वारसा चर्चच्या दर्शनी भिंतीत नाही, खाली पाण्याच्या काठाला आहे. मांडवीत समुद्राची भरती आत चढते, पाणी खारट होतं. ते शेतात शिरू नये म्हणून माती, चिरे आणि पेंढा घालून बांध रचले. बांधात जागोजागी मानशी, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी ढकलतं तशी झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तशी उघडते. पावसाळ्यात खाऱ्या मातीत तग धरणारं कोरगुट भात, नंतर मानशीच्या तोंडाशी मासळी. मासे धरण्याच्या हक्काची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव, आणि तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागायचा. एक बांध फुटला तर एकाचं शेत जात नाही, सगळ्यांचं जातं. म्हणून जमीन सामाईक ठेवण्याला अर्थ होता. हे काम गावकारीचं. विगार आशीर्वाद देई, पण मानशीची झडप कुजली तर तिचा खर्च फिर्गजेच्या वहीत पडत नसे. चर्चची स्वतःची मिळकत पाहते ती फाब्रिका, म्हणजे चर्चच्या मालमत्तेचं कारभारी मंडळ.

इथे एक बदल लक्षात घ्यावा लागतो. 1964 चा कुळकायदा आणि पुढे सत्तरच्या दशकातली त्याची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. ते न्याय्यच होतं. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा झाला, तिथे मानशी नको तेव्हा उघड्या राहू लागल्या. खारं पाणी आत राहिलं, शेतं पडीक झाली. कितीतरी खाजनांत आज खारफुटी वाढली आहे. नियमावली मात्र शाबूत आहे: कोमुनिदाद संहिता एप्रिल 1961 ची, म्हणजे गोवा मुक्तीच्या आठ महिने आधीची, आणि दुरुस्त्यांसह ती अजून लागू आहे.

घराण्याचा शोध घेणाऱ्यांना हा फरक सगळ्यात उपयोगी पडेल. पूर्वज कधी जन्मला, कुणाशी लग्न झालं, कधी गेला, हे फिर्गजेच्या वह्यांत सापडेल, कारण 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी सक्तीच्या केल्या. पूर्वज कुठल्या वांगडाचा, गावकारीशी त्याचं नातं काय, हे कोमुनिदादीच्या कागदांत. बेटावरचे जाकोम गोंसाल्विश घ्या. 1676 मध्ये दिवाडीत जन्मले, पाद्री झाले, श्रीलंकेत जाऊन सिंहली भाषेत इतकं लिहिलं की तिथल्या कॅथलिक साहित्याचे ते जनक मानले जातात, आणि 1742 मध्ये तिथेच वारले. अशा माणसाचा जन्म एका प्रकारच्या वहीत शोधायचा, कुळ दुसऱ्या. चुकीच्या कचेरीत जाऊन "नोंदच नाही" ऐकून परतलेले लोक मी पाहिले आहेत. नोंद असते, दार चुकलेलं असतं.

बोंदेरां मात्र दोन्हींपैकी कुणाचं नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पियेदादला होणारा हा निशाणांचा उत्सव वाड्यांचा. लोक सांगतात की वाड्यांमध्ये हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, पोर्तुगीजांनी सीमेवर निशाणं रोवायला लावली आणि लोकांनी ती दगडांनी पाडली. आता बांबूच्या फोटाशांतून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकांतून, फळं उडवतात. वाडा म्हणजे फिर्गजेचा आणि गावकारीचा दोघांचाही सगळ्यात लहान तुकडा.

दोन्ही वह्या एकत्र पाहायच्या असतील तर नदीच्या खालच्या अंगाला ताळगावला 21 ऑगस्टला जावं, कणसाच्या फेस्ताला. गावकार शेतात जाऊन भाताची पहिली कणसं कापतात. विगार त्यांना आशीर्वाद देतो. मग कणसं घरोघर जातात, आणि ज्या घरात झोण येतो त्या घरी जशी, तशीच जिथे कधीच आला नाही तिथेही ती वेदीपाशी खोचून ठेवतात.