लघवीत साखर उतरवणारी साल

मधुमेहाची नवी गोळी सुरू होते, काही दिवसांनी लघवी तपासली जाते आणि अहवालात साखरेपुढे 'तीन प्लस' छापून येतं. घरचे घाबरतात, गोळी लागू पडत नाही असं समजून ती बंद होते. पण नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांचं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) कामच लघवीवाटे साखर बाहेर टाकण्याचं आहे. या गोळ्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे.

मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन हे कडू संयुग वेगळं काढलं गेलं. हिवतापावरचं क्विनाईन देणारी सिंकोना झाडाची सालही कडू, म्हणून हे तापावर वापरून पाहिलं गेलं. १८८६ मध्ये योझेफ फोन मेरिंग यांनी दाखवून दिलं की ते मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तातली साखर न वाढताही लघवीत साखर उतरते.

असं का होतं? मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तात डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला १ ग्रॅम ग्लुकोज धरलं, तर रोज १८० ग्रॅम ग्लुकोज गाळणीतून खाली येतं. निरोगी माणसाच्या लघवीत मात्र ते जवळजवळ नसतंच, कारण पुढच्या नलिकेत ते परत उचललं जातं. सुमारे ९० टक्के काम एसजीएलटी-२ हे प्रथिन करतं, उरलेलं पुढच्या टप्प्यावरचं एसजीएलटी-१.

ही उचल फार सुंदर आहे. नलिकेच्या पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप असतो. तो ऊर्जा खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमची कायम टंचाई, आणि समोरच्या द्रवातलं सोडियम आत शिरायला टपलेलं. एसजीएलटी-२ त्याला वाट देतं, पण एका सोडियमसोबत एक ग्लुकोज घेऊनच. म्हणून नलिकेत ग्लुकोज अगदी कमी उरलं तरी तेही ओढून आत येतं. तिथून ग्लुट-२ या दुसऱ्या वाटेनं ते रक्तात परततं.

फ्लोरिझिनच्या रेणूच्या एका टोकाला चक्क ग्लुकोजच असतं. ते ग्लुकोजच्या जागी नेमकं बसतं, पण मागची कार्बनची दोन वलयं अडकतात आणि वाट तुंबते.

मग सालीचा काढा का चालत नाही? ग्लुकोज आणि वलयं यांना जोडणारा पूल एका ऑक्सिजनचा आहे, आणि दुधातली साखर पचवणारं आतड्यातलं विकर (एन्झाइम) तो तोडतं. त्या विकराचं पूर्ण नावच लॅक्टेज-फ्लोरिझिन हायड्रोलेज आहे! तुटून उरलेलं फ्लोरेटिन इतर पेशींच्या ग्लुट वाटाही अडवतं. शिवाय फ्लोरिझिन एसजीएलटी-१ देखील बंद करतं. आतड्यात ग्लुकोज शोषणारं प्रथिन तेच असल्यानं जुलाब होतात. 'झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. झाडानं हा रेणू आपल्या मधुमेहासाठी बनवलेला नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी तो ऑक्सिजन काढून वलय थेट ग्लुकोजच्या कार्बनला जोडलं. आता विकराला तोडायला काही उरलं नाही. वलयांवरचे गट बदलत बदलत एसजीएलटी-१ पेक्षा हजारपटीहून जास्त एसजीएलटी-२ कडे झुकणारं डापाग्लिफ्लोझिन हाती आलं, आणि २०१२ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. मात्रा दिवसाला फक्त ५ ते १० मिलिग्रॅम. आता ९० टक्के उचल थांबली तर दीडशे ग्रॅमहून जास्त साखर जायला हवी. प्रत्यक्षात साधारण ७० ग्रॅमच्या आसपास जाते. कारण एरवी निवांत असलेलं एसजीएलटी-१ पुढे उभं राहून बरीचशी उचलून घेतं. ही गोळी एकटी घेतली तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही, त्याचंही हेच एक मोठं कारण. इन्सुलिनसोबत घेतली तर मात्र उतरू शकते.

साखर लघवीत असल्यानं जननेंद्रियांवर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून स्वच्छता पाळावी आणि पाणी पुरेसं प्यावं. अधिक गंभीर धोका कीटोॲसिडोसिसचा, म्हणजे चरबी जळून तयार होणारे आम्ल कीटोन रक्तात साचण्याचा. उलट्या, उपास किंवा आजारपणात ग्लुकोमीटर साखर २०० च्या आतबाहेर दाखवत असतो आणि रक्त मात्र आम्ल होत असतं. मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर साखरेचा आकडा बरा दिसला तरी रक्तातले कीटोन लगेच तपासून घ्यावेत. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर डापाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस थांबवतात. गोळी लागू पडतेय का, हे लघवीतल्या साखरेवर नाही, तर एचबीए१सी वर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) पाहायचं.