स्टिरॉइड क्रीम: औषध आधी आलं, माप नंतर

स्टिरॉइड क्रीम म्हटलं की अर्धे लोक घाबरून ट्यूबला हातच लावत नाहीत आणि उरलेले चेहऱ्याला महिनोन्महिने चोपडत बसतात, आणि या दोन्हीची मुळं साधारण एकाच काळात सापडतात.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या पेशंटला कॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि फरक इतका जबरदस्त पडला की १९५० मध्ये केंडल, हेंच आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. मग साहजिकच ते त्वचेवर लावून बघितलं, पण काही उपयोग होईना, कारण कॉर्टिसोनचं कामाच्या रूपात म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतर व्हावं लागतं आणि ते मुख्यतः लिव्हरमध्ये होतं. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी थेट हायड्रोकॉर्टिसोनच लावलं आणि एक्झिमा म्हणजे इसब शांत झाला.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या वीसेक वर्षांत रेणूत फ्लोरिन घाल, आणखी काही जोड असं करत ट्रायमसिनोलोन, बीटामेथासोन आणि मग क्लोबेटासॉल आलं, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पट जोरदार. जोर मोजायची युक्ती मात्र मस्त होती, १९६२ मध्ये मॅकेंझी आणि स्टॉटन यांनी औषध हातावर लावून कातडी किती फिकी पडते ते बघितलं, कारण स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात. आजची सौम्य ते अतितीव्र ही वर्गवारी बरीचशी त्यावरच उभी आहे.

त्रास दिसायला लागले ते याच काळात. कातडी पातळ होणं, स्ट्रेच मार्क, तोंडाभोवती पुरळ, आणि नायट्यावर लावलं तर खाज-लाली दबते पण बुरशी आत आरामात पसरत राहते आणि मग नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजलं तर हाताच्या आतल्या बाजूच्या तुलनेत कपाळातून सहापट आणि अंडकोशाच्या कातडीतून चक्क ४२ पट हायड्रोकॉर्टिसोन आत शिरत होतं! चेहरा आणि जांघेत जोरदार क्रीम मनाने लावू नका असं डॉक्टर बजावतात ते यामुळेच.

किती लावायचं हे मात्र कितीतरी वर्षं 'पातळ थर' एवढंच, आता पातळ म्हणजे किती पातळ हे ज्याचं त्याने ठरवायचं. १९९१ मध्ये लाँग आणि फिन्ले यांनी तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंतची क्रीमची पट्टी मोजली, साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तोवर क्लोबेटासॉल बाजारात येऊन दीड दशकाच्या वर झालं होतं.