एकट्या-दुकट्यानं शिडाची होडी चालवायची तर: होडीमालकांसाठी माहितीपत्रक

गोसीखुर्द, इटियाडोह, अप्पर वर्धा, खिंडसी अशा मोठ्या पाण्यावर १६ ते २० फुटी शिडाची होडी ठेवणाऱ्यांसाठी, किंवा घ्यायच्या विचारात असणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. आकडे १८ फुटी, एका डोलकाठीच्या, मोठं शीड साधारण १० चौरस मीटर आणि पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, ५ चौरस मीटर असलेल्या फायबरच्या होडीचे दिले आहेत. आपली होडी लहान-मोठी असेल तर दोराची लांबी बदलेल, पद्धत तीच राहील.

होडीत चार माणसं असली की चुका झाकल्या जातात. एक सुकाणू धरतो, दुसरा दोर सोडतो, तिसरा पुढं जाऊन अडकलेलं शीड ओढतो. एकट्या माणसाला हे जमत नाही. सुकाणू सोडून तो डोलकाठीपाशी गेला की होडी वाऱ्याला आडवी होते, मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, फिरतो, आणि नेमका तेव्हाच तो उभा असतो. म्हणून सामान घेताना पहिला प्रश्न हा विचारा: बसल्या जागेवरून, एक हात सुकाणूवर ठेवून, शीड लहान करता येतं का आणि एका मिनिटात खाली उतरवता येतं का? याचं उत्तर 'हो' येईपर्यंत मोटर, सोलर, गादी, म्युझिक यांवर पैसे घालू नका.

होडी घेताना

आपल्या धरणांच्या बुडीत क्षेत्रात बाभळीचे, मोहाचे खुंट उभे आहेत. जुन्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, काही ठिकाणी विजेचे खांबही पाण्याखाली आहेत. गोसीखुर्दची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. धरण भरलेलं असताना ज्या खुंटावरून होडी सहज जाते, तोच खुंट उन्हाळ्यात पाण्याच्या जेमतेम एक फूट खाली असतो आणि दिसत नाही. होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात फळी उतरवतात. वरून सरळ खाली घालायचं खंजिरासारखं पातं इथं चालत नाही. खुंटाला धडकलं की ते मागं जाऊ शकत नाही, होडीचा तळ फोडतं. बिजागरीवर फिरणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्डच घ्या, आणि सुकाणूचं पातंही धडक बसताच वर उचललं जाणारं हवं. पातं खाली धरून ठेवणारा दोर दोर अडकवायच्या साध्या खुंटीला, म्हणजे क्लीटला, करकचून बांधला तर पातं वर येत नाही, मोडतं. त्यासाठी ताण वाढला की आपोआप सुटणारा क्लीट मिळतो, तोच लावा.

जुनी होडी घेत असाल तर तळाला हात फिरवून बघा. गोड्या पाण्यात कायम उभ्या असलेल्या फायबरला खाऱ्या पाण्यापेक्षा फोड लवकर येतात. वाटाण्याएवढे फोड दिसले, ते टोचल्यावर आंबूस वासाचं पाणी आलं, तर वरचा थर खरवडून, होडी महिना-दोन महिने कोरडी ठेवून मगच इपॉक्सी लावावं लागतं. ओल्यावर लावलेलं इपॉक्सी पुढच्या हंगामात पुन्हा सुटतं. त्यामुळं काम नसताना होडी पाण्यात ठेवू नका, ट्रेलरवर काढून ठेवा.

होडी तरंगती ठेवणाऱ्या पुढच्या-मागच्या बंद टाकीत फोम आहे का ते उघडून बघा. एक घनफूट फोम पाण्यात साधारण २७ किलो वजन तोलून धरतो. फोम नसेल, झाकणाची रबरपट्टी चिरलेली असेल, तर होडीत पाणी भरल्यावर ती तळाशी जाते, आणि एकट्या माणसाजवळ धरायला काहीच उरत नाही.

दोर मागं आणणं

मोठ्या शिडाचा हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर), जिबचा गुंडाळी दोर, रीफचा (शीड लहान करायचा) दोर आणि बूम वरून उचलून धरणारी तोलदोरी, हे चारही डोलकाठीच्या पायथ्यापासून पुलीतून फिरवून बसायच्या जागेपर्यंत आणा. हॅलियार्डला ८ मिमीचा पॉलिएस्टर दोर, लांबी डोलकाठीच्या सव्वादोन पट अधिक मागं यायचं अंतर. शिडाच्या शीटला, म्हणजे शीड ओढून-सोडून धरायच्या दोराला, ताकदीसाठी ८ मिमी पुरतो, पण हातात धरून ओढायला १० मिमीच बरा. बारीक दोरानं तासाभरात तळवे सोलतात. पिवळा-निळा स्वस्त प्लॅस्टिकचा दोर, जो शेतात बैल बांधायला वापरतो, तो शिडाला लावू नका. आपल्याकडच्या उन्हात तो एका हंगामात ठिसूळ होतो, बोटानं चोळला तर धुळीसारखा भुगा निघतो.

प्रत्येक दोर वेगळ्या रंगाचा ठेवा. घाईच्या वेळी 'तिसरा क्लीट' आठवत नाही, 'लाल दोर' आठवतो. मोठ्या शिडाच्या शीटला चार पदरी पुली हवी आणि दोन दातेरी पकडींत दोर धरणारा कॅम क्लीट अशा कोनात बसवा की दोर नुसता वर झटकला की सुटेल. क्लीट खाली बसवला आणि होडी कलंडली, तर दोर सोडायला शरीराचं वजन उलट्या दिशेला न्यावं लागतं. एकट्यानं चालवताना होडी उलटण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पुलीला ग्रीस लावू नका. आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये बसली की पॉलिश पेपरसारखी घासते, चाक आणि दोर दोन्ही खाते. साध्या पाण्यानं धुवा, वाळवा, एवढं पुरे. शिडाची कडा डोलकाठीच्या खाचेत अडकत असेल तर खाचेत मेणबत्ती घासा.

सुकाणूच्या दांड्याला आडवा दोर आणि रबरी दोर असा जोड बांधा. एका बाजूला न ताणणारा दोर, दुसऱ्या बाजूला रबर. त्यानं सुकाणू अर्धा-एक मिनिट जागेवर राहतं. त्याहून जास्त वेळ त्यावर विसंबू नका.

शीड लहान करणं

वाऱ्याचा वेग दीडपट झाला की शिडावरचा जोर सव्वादोन पट होतो. म्हणून २० किमीच्या वाऱ्यात मजेत चालणारी होडी ३० च्या वाऱ्यात अचानक हाताबाहेर जाते. ताशी २० किमीच्या आसपास लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसू लागतो. एकटे असाल तर तोच पहिला रीफ घ्यायचा इशारा. ३० ला दुसरा. त्याच्यावर मोठं शीड खाली, जिबवर किंवा मोटरवर काठ गाठायचा. रीफ घ्यावा का असा प्रश्न मनात आला, की तो घ्यायची वेळ झालेलीच असते.

क्रम असा. होडी वाऱ्याच्या दिशेनं थोडी वर घ्या, मोठ्या शिडाची शीट सैल सोडा, शीड फडफडू द्या. सुकाणू बांधा. बूमची तोलदोरी ओढून बूम उचलून धरा, नाहीतर शीड सुटताच बूम डोक्यावर येतो. आता हॅलियार्ड सोडा, पण अंदाजानं नाही. घरी, वारा नसताना, शीड नेमकं रीफच्या उंचीवर आणून हॅलियार्डवर क्लीटपाशी लाल दोऱ्यानं दोन सेंटीमीटरचं वेटोळं घट्ट शिवून ठेवा. लाल खूण क्लीटला लागली की थांबा. मग रीफचा दोर ओढा, शिडाच्या पुढच्या आणि मागच्या कडेवरच्या रीफच्या दोन्ही कड्या बूमला टेकेपर्यंत. शेवटी हॅलियार्ड पुन्हा ताणा, शिडाच्या पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंत. तोलदोरी सोडा, शीट ओढा, निघा. सवय झाली की सगळं दीड मिनिटात होतं.

चुकतं कुठं? हॅलियार्ड पुरेसा न सोडता रीफचा दोर ओढला की मागची कडी बूमपासून चार बोटं वर राहते. मग सगळा ताण शिडाच्या मधल्या छोट्या बंदांवर येतो आणि तिथून कापड फाटतं. ते बंद फक्त लोंबणारं कापड आवरायला असतात, सैल गाठीनं बांधायचे. रीफ सोडताना आधी बंद सोडा, मग रीफचा दोर. बंद विसरून हॅलियार्ड ओढला तरी शीड तिथंच फाटतं. दुरुस्तीला येणारी बहुतेक मोठी शिडं या दोन कारणांनीच फाटलेली असतात.

जिब गुंडाळून ठेवताना त्याच्या शीटचे दोन-तीन वेढे गुंडाळीवर घ्या. नाहीतर काठावर उभ्या होडीचं जिब रात्रीच्या वावधनात उलगडतं आणि सकाळपर्यंत चिंध्या होतात.

दम घ्यायचा असेल, डबा खायचा असेल, नुसतं काय करायचं ते सुचत नसेल, तरी होडी थांबवता येते. जिबची शीट न सोडता होडी वाऱ्यातून वळवा. जिब उलट्या बाजूनं भरेल. मोठं शीड सैल करा आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला बांधा. होडी शांत होऊन हळूहळू वाहत राहते. सेंटरबोर्ड खालीच हवा, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला निदान अर्धा किलोमीटर मोकळं पाणी.

पाण्यात पडलात तर

एकट्या माणसाची होडी त्याच्याशिवाय निघून जाते. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर, बैठकीखाली नाही. उन्हाळ्यात फोमचं जॅकेट नको वाटतं हे आम्हालाही कळतं. मग हवेनं फुगणारं घ्या, पण १५० न्यूटनच्या जॅकेटला ३३ ग्रॅम वायूची कुपी लागते, ती दर हंगामाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि कुपीवर छापलेल्या वजनाशी ताडून बघा. वजन कमी भरलं तर कुपी बदला.

होडीला बांधायचा पट्टा इतका आखूड हवा की तुम्ही कठड्याबाहेर पडूच नये. लांब पट्टा माणसाला पाण्यात फरफटत नेतो. आणि मागच्या बाजूची शिडी पाण्यातून हात वर करून खाली ओढता आली पाहिजे. बांधून ठेवलेली, वरूनच सोडता येणारी शिडी असून नसून सारखी. ओल्या कपड्यांत, कमरेएवढ्या कठड्यावरून स्वतःला वर ओढणं धडधाकट माणसालाही जमत नाही. काठालगत, छातीभर पाण्यात, कुणीतरी सोबत असताना एकदा करून बघा.

मोबाइल पाणी न जाणाऱ्या पिशवीत, गळ्यात. आपत्तीत ११२. आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप घरीच सुरू करून ठेवा.

तारा आणि वीज

पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत उंची ८ मीटरच्या पुढं जाते. ट्रेलरवर तर आणखी वर. गावाकडच्या ११ केव्हीच्या तारा त्याच्या खाली असू शकतात, उन्हानं झोळलेल्या तर नक्कीच. डोलकाठी उभी करून ट्रेलर एक पाऊलही हलवू नका. वर आणि चारही बाजूंना बघून, तारांपासून निदान ३० मीटर लांब मोकळ्या जागी डोलकाठी उभी करा. पाण्यावरून तार जाते तो भाग नकाशावर लाल करून ठेवा. धरण भरलं की तार आणि पाण्यातलं अंतर कमी होतं.

एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर काळा ढग वर येतो, आधी वारा एकदम पडतो, मग दुसऱ्याच दिशेनं धुळीसकट येतो. वारा पडला ही सुटका नव्हे, शीड उतरवायची वेळ आहे. उन्हाळ्यात सकाळी निघा, दुपारी दोनपर्यंत काठाला या. पावसाळ्यात, धरणाचे दरवाजे सुरू असताना, होडी पाण्यात घालायचीच नाही.

नांगर

काळ्या गाळात पसरट पात्याचा ५ ते ७ किलोचा नांगर छान धरतो. त्याला ४ मीटर साखळी आणि ४० मीटर, १० मिमीचा नायलॉन दोर. पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोर सोडा, वारा असेल तर सातपट. खुंटांमध्ये नांगर अडकतोच, म्हणून त्याच्या डोक्याला वेगळा ६ मिमी दोर आणि रिकामा कॅन बांधून पाण्यावर तरंगत ठेवा. नांगर सरळ निघेना तर कॅन धरून उलट बाजूनं ओढा. वर आलेला नांगर बादलीत धुवा, तो चिकट गाळ होडीत वाळला की सिमेंटसारखा बसतो.

ढिवर बांधवांच्या जाळ्यांवर नांगर टाकू नका. तरंगत्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे दिसले की जाळं आहे असं समजा, सेंटरबोर्ड अर्धा उचला, लांबून जा. चुकून जाळं अडकलंच तर कापू नका, मोटर वर घेऊन हातानं सोडवा. नुकसान झालं असेल तर त्यांच्या मच्छीमार संस्थेत जाऊन भरपाई द्या. त्या पाण्यावर त्यांचं घर चालतं.

मोटर

४ ते ५ हॉर्सपॉवर, लांब दांड्याची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळाभर टाकीत राहिलं की कार्बोरेटर बंद पडतो. हंगाम संपताना नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, टाकी रिकामी करा. गोड्या पाण्यासाठी मोटरला मॅग्नेशियमचा अॅनोड (स्वतः झिजून मोटरला गंजण्यापासून वाचवणारा तुकडा) लागतो. समुद्रासाठीचा जस्ताचा इथं काम करत नाही. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका, म्हणजे मे महिन्यात दुपारी सोलरची जोडणी काढून ठेवा.

ट्रेलरवरून लांबून आला असाल तर चाकाच्या हबला हात लावून बघा. गरम हब पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं आणि परतीच्या रस्त्यात बेअरिंग जातं. अर्धा तास थांबा, चहा घ्या, मग होडी उतरवा.

परवानगी

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. होडी घालण्याआधी शाखा कार्यालयातून लेखी परवानगी घ्या आणि त्याच वेळी पाण्याची पातळी विचारा. मोटर लावलेली होडी अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली येते, नोंदणीची चौकशी तिथंच करा. जंगलालगतच्या जलाशयांना वनविभागाचे नियम वेगळे असतात.

पावसाळ्यात ठेवताना

शिडं गोड्या पाण्यानं धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, सैल गुंडाळा. दमट गुंडाळलेल्या शिडावर काळी बुरशी धरते आणि डाग जात नाहीत. धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका, उंदीर दोरही कुरतडतात. डोलकाठीच्या टोकाला कापडाचा बोळा घाला, गांधीलमाश्या आत घर करतात. डोलकाठी ताणून धरणाऱ्या स्टेनलेसच्या ४ मिमी तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथं एक धागा तुटलेला आहे, आणि एक धागा तुटला तर अख्खी तार बदलायची.

आमच्याकडं दोर-पुलीचं काम द्यायला येताना डोलकाठीची उंची, बूमची लांबी, डोलकाठीच्या पायथ्यापासून तुम्ही बसता तिथपर्यंतचं अंतर मोजून आणा, आणि बसायच्या जागेवरून काढलेला पुढच्या बाजूचा एक फोटो. उजव्या हातानं सुकाणू धरता की डाव्या, तेही सांगा, क्लीट त्याप्रमाणं बसतात. काम झाल्यावर होडी ट्रेलरवरच उभी करून रीफ घेणं-सोडणं तुमच्याकडून पाच वेळा करून घेतो, त्यासाठी दोन तास मोकळे ठेवून या.