चोख काम आणि सदसद्विवेक: वाटा कुठे वेगळ्या झाल्या

साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीत, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, रामशास्त्री प्रभुणे जन्मले. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्रींनी राघोबादादांना दोषी धरले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि न्यायाधीशपद सोडून ते पुण्याबाहेर पडले. पदाचे कर्तव्य आणि आतला आवाज तिथे एकच होते. 'सचोटीचा माणूस' म्हणताना आजही आपण हे दोन्ही गुण एकत्रच धरतो. मानसशास्त्राने मात्र ते वेगळे केले, आणि भरती करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे.

1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द काढून चार रकान्यांत लावले. स्थिर स्वभाव सांगणारे साडेचार हजारांच्या आसपास शब्द पहिल्या रकान्यात गेले. माणसाला चांगला-वाईट ठरवणारे, निवाडा देणारे शब्द वेगळ्या रकान्यात पडले. पुढे मानसशास्त्रज्ञ कॅटेलने स्वभाव मोजण्याचे आपले काम मुख्यतः पहिल्या रकान्यावर उभारले. फाटा फुटला तो इथे.

1961 मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना स्वभावाचे पाच घटक सापडले. त्यांतल्या एकाला त्यांनी 'भरवशाचेपणा' म्हटले. 1963 मध्ये नॉर्मनने त्याला दिलेले 'कॉन्शिएन्शसनेस' हे नाव रूढ झाले; त्यालाच आपण कर्तव्यदक्षता म्हणतो. 1992 च्या कोस्टा-मॅक्रे स्वभावचाचणीत तिचे सहा पैलू आहेत: क्षमता, नीटनेटकेपणा, कर्तव्यभावना, यशाची आस, स्वयंशिस्त, सावधपणा. नीतीच्या जवळ जातो तो एकटा तिसरा. बॅरिक आणि माउंट यांनी 1991 मध्ये 117 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा पाचही व्यवसायगटांत हाच गुण कामगिरीशी जुळला. सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळतात हे सांगणारा आकडा) मात्र 0.2 च्या आसपास, म्हणजे कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम चार-पाच टक्के भाग.

सांगलीतल्या एखाद्या पतसंस्थेत याचा अर्थ काय? कर्जाच्या फाइलमध्ये अर्ज, सातबारा, मूल्यांकन अहवाल, जामीनदारांच्या सह्या, सगळे जागच्या जागी. आणि तारणाची किंमत मात्र वरून सांगितली म्हणून फुगवलेली. ती फाइल लावणारा माणूस चाचणीत उत्तम गुण मिळवेल. 'मी कामे वेळेवर पूर्ण करतो' या विधानापुढे कोणती खूण करायची, हे उमेदवाराला कळतेच.

म्हणून चाचणीवर थांबू नये. आधीच्या वरिष्ठांना ठरावीक प्रश्न विचारावेत: हिशेब किती वेळा परत करावा लागला, चूक उमेदवाराने स्वतः दाखवली की तपासणीत सापडली? उमेदवाराला विचारावे: न पाहिलेल्या कागदावर सही करायला सांगितले तेव्हा काय केलेत? उत्तरात कागद कोणता, नकार कोणाला दिला आणि त्यानंतर काय झाले, हे तिन्ही आले पाहिजे. नुसते 'मी कधीच करत नाही' आले, तर प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारावा.