बंडाळीपासून फॉस्फरसपर्यंत: पिढ्यांच्या यानांच्या कादंबऱ्या

सूर्यमालेबाहेर निघालेले नासाचे यान व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. याच वेगाने तिथे जायला जवळपास ७५,००० वर्षे लागतील. वेग शंभरपट वाढवला, तरी निघणारे वाटेतच मरणार; पोहोचतील ते यानातच जन्मलेले त्यांचे वंशज. रशियन रॉकेटशास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीने १९२८ मध्ये अशा, पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानाची कल्पना मांडली. ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नालने १९२९ मध्ये अवकाशात राहण्यासाठी सुमारे १६ किलोमीटर व्यासाचा, २०-३० हजार माणसांचा पोकळ गोल सुचवला.

कथाकारांना मात्र भीती होती ती माणसांची. डॉन विल्कॉक्सच्या १९४० च्या कथेत प्रवास ६०० वर्षांचा. देखरेखीला एकच माणूस, तो दर शंभर वर्षांनी झोपेतून उठतो आणि दर वेळी समाज आणखी बिघडलेला पाहतो. अमेरिकन लेखक हाइनलाइनच्या १९४१ च्या दोन कथांत (पुस्तक १९६३ मध्ये) बंडानंतरचे वंशज प्रवासच विसरले आहेत. त्यांना यान हेच विश्व वाटते, आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम ते प्रेमाचे रूपक म्हणून वाचतात. विस्मरणाचे इतके नेमके चित्र पुढे क्वचितच कुणी काढले.

ब्रिटिश लेखक ऑल्डिसच्या ‘नॉन-स्टॉप’ कादंबरीत (१९५८) शेतीतल्या वनस्पतींनी यानातले बोळ गिळून टाकलेत. मूळ दोष परग्रहाच्या पाण्यातल्या एका अमिनो आम्लाचा. म्हणजे इथे रसायनाने डोके वर काढले होते, पण लक्ष गेले ते कथेतल्या रहस्याकडे.

खरा धक्का अ‍ॅरिझोनात बसला. १९९१ ते १९९३ या काळात आठ जण १.२७ हेक्टरच्या ‘बायोस्फिअर २’मध्ये, म्हणजे स्वतःची हवा, पाणी, अन्न स्वतःच पुरवू पाहणाऱ्या बंदिस्त वास्तूत, राहिले. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ च्या आसपास घसरला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव तो संपवत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधीच काँक्रीट शोषून घेत होते, त्यामुळे ऑक्सिजन जातो कुठे हे बराच काळ कळले नाही. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या ‘ऑरोरा’ कादंबरीत (२०१५) सुमारे २,००० माणसे टाउ सेटी या ताऱ्याकडे, १२ प्रकाशवर्षे दूर, निघाली आहेत. बंडाळी इथेही आहे, पण यान खंगते ते फॉस्फरसच्या तुटवड्यामुळे. नायट्रोजन किंवा कार्बन हवेतून फिरून येतात. फॉस्फरस मातीत लोह, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियमशी बांधला जातो आणि पिकांच्या हाती लागत नाही. पृथ्वीवर खडक झिजून नवा मिळतो. यानात खडक नाहीत, आणि बाहेरून काही सोडायला कुणी नाही.